खाडीतल्या गाळावरून भांडलेल्या दोघी

इला,

तुझं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी विद्यापीठाचा मेल आला. तेराव्याचे लाडू अजून डब्यात होते. ‘आपल्या केंद्रातील मार्गदर्शक डॉ. अनघा मॅडम यांच्या निधनाचे वृत्त समजून दुःख झाले’ असं तुझ्याबद्दल एक वाक्य, आणि त्याला लागूनच दुसरं: केंद्राचे शोधनिबंध, त्यांची सायटेशन्स आणि संशोधनाचा एकूण प्रभाव यांची माहिती तातडीने पाठवावी, म्हणजे केंद्राच्या मान्यतेबाबत निर्णय घेता येईल. दोन वाक्यांच्या मधे एक ओळ मोकळी सोडायचीही कुणाला सवड झाली नव्हती. तू असतीस तर म्हणाली असतीस, “जो ने, बघ, दुःखाला पण डेडलाईन!”

मी चहा तसाच टाकून कॉलेजात गेले आणि केंद्राचं कुलूप उघडलं. केंद्र म्हणजे काय, वनस्पतिशास्त्राच्या लॅबमागच्या दोन खोल्या. तुझ्या खोलीत गाळाच्या बरण्या, माझ्या खोलीत एक कॉम्प्युटर आणि कुरकुरणारा पंखा. पण विद्यापीठाच्या कागदावर ते ‘पर्यावरण संशोधन केंद्र, डहाणू’ आहे, आणि ते मिळवायला तू मुंबईला किती खेटे घातलेस ते मला ठाऊक आहे. नियमाप्रमाणे केंद्राला दोन मान्यताप्राप्त गाइड लागतात. एक तू होतीस, एक मी. आता मी एकटी.

आणि सुनंदा. तू स्वतः निवडलेली, आपली पीएच.डी.ची विद्यार्थिनी. सकाळी रानशेतहून येते, संध्याकाळी परत जाते, कारण घरी लहान मुलगी आणि सगळा दिवस शेतात असणारी सासू. केंद्र बंद झालं की तिची नोंदणी मुंबईच्या मुख्य विभागात जाणार. तिथे नवा गाइड, बहुधा नवा विषय, आणि आठवड्यातले निम्मे दिवस हजेरी. तिला हे सांगितलं तेव्हा ती खिडकीशी उभी होती.

“मॅडम, मी मुंबईला नाय जाऊ शकत,” ती म्हणाली. “पोरीला कुठं ठेवू? इथं झालं तर करीन, नाय तर सोडून देईन. अनघा मॅडम असत्या तर गोष्ट वेगळी होती.”

रडली नाही, हट्टही केला नाही. एवढं बोलून ती बरण्या पुसायला लागली. मला तिच्यापेक्षा तुझा जास्त राग आला. अशा वेळी कुणी जातं का?

तर तेव्हापासून मी हे एकच काम करते आहे. रडणं राहिलंच. ते मी पुढे ढकललंय.

पहिला प्रश्न आकड्यांचा होता, आणि आकड्यांवरून तर आपलं कधीच पटलं नाही. तुला आठवतं, तलासरीच्या डोंगराकडून परत येताना आपण नेहमी चारोटीला थांबायचो? हायवेच्या कडेचं ते हॉटेल, मेथीची भजी, आणि तुझ्याशी गुजरातीत, माझ्याशी हिंदीत बोलणारा तो वेटर. आपण दोघी त्याला मराठीत उत्तर द्यायचो आणि तरी त्याची सवय काही बदलली नाही. तिथे एकदा तू प्लेट बाजूला सारून माझ्यावर घसरलीस.

“तू संख्याशास्त्राची आहेस, तुला काय, मोजायला कायपण चालतं,” तू म्हणालीस. “लोक एका पेपरचे चार पेपर करतात, आकडा वाढावा म्हणून. माझ्या मामाच्या वाडीत चिकूच्या पण एवढ्या फोडी करत नाहीत!”

“फोडी करणाऱ्यांना शिव्या घाल. मोजणाऱ्यांना कशाला?” मी म्हटलं. “सायटेशन म्हणजे काय गं शेवटी? कुणीतरी तुझं वाचलं, त्याला उपयोग झाला, आणि त्याने चारचौघांत सांगितलं की हे मी अमुक बाईकडून घेतलं. आभार मानायची इतकी सरळ रीत दुसरी कुठे आहे?”

“आभारच ना? मग त्याचे मार्क कशाला? मला कुणी थँक्यू म्हटलं की मी लिहून ठेवते काय?”

“तू नको ठेवूस. मी ठेवीन. मोठ्या विभागांना ओळखीपाळखी असतात, इला. आपल्याला आकडाच आहे. डहाणू कुठे आहे हे त्यांना नकाशात शोधावं लागतं. आकड्यात नाही शोधावं लागत.”

“बेन, भजी अजून एक प्लेट?” वेटरने मधेच विचारलं, आणि तू हो म्हणालीस. वाद तिथेच राहिला. असे आपले किती वाद भज्यांमुळे अर्धे राहिले असतील.

त्यातला सगळ्यात जुना वाद तुझ्या नावाचा. आपण एकाच वर्षी कॉलेजात रुजू झालो तेव्हा तू इला होतीस, माहेरचं आडनाव लावणारी, घरी गुजराती आणि वर्गात मराठी बोलणारी, डहाणूच्या चिकूवाडीतली मुलगी. माझ्यासाठी तू तीच राहिलीस. मग प्रकाशशी लग्न झालं, पालघरच्या मराठी घरात गेलीस, आणि सासूबाईंच्या हौशीप्रमाणे ताटातल्या तांदळात अंगठीने तुझं नवं नाव लिहिलं गेलं. अनघा. तुझी आई माझ्या शेजारी बसली होती. ती माझ्या कानात म्हणाली, “इलामधे काय वाईट होतं?” मी तिला पाणी आणून दिलं. तू मात्र हसत होतीस. पुढे सगळ्या कागदांवर, नोकरीत, पेपरवर तू अनघा झालीस, नवं आडनाव आणि मधे प्रकाशचं नाव. तुला ते नाव आवडायचंही, हे मी कबूल करते.

आपल्या बायकांचं हे असं असतं. पुरुषाचा पहिला पेपर आणि शेवटचा पेपर एकाच नावाने असतो. बाईचं संशोधन लग्नाच्या अलीकडे एकीच्या नावावर आणि पलीकडे दुसरीच्या. विद्यापीठाच्या नव्या प्रणालीला हे कोण सांगणार? तिच्या लेखी आपल्या केंद्रात इला नावाची एक बाई आहे, जिने खाडीवर लिहिलं, आणि अनघा नावाची दुसरी, जिने डोंगरावर लिहिलं. दोघींची सायटेशन्स वेगळी. दोघी मध्यमच. मी तुला किती वेळा सांगितलं, एक अर्ज भर, दोन्ही खाती एक होतील, केंद्राचा आकडा उजळेल. तू ऐकलंस का?

“राहू दे ना त्यांना वेगळं,” तू म्हणायचीस. “त्या दोघींचं जमत नाही.”

आणि खरंच जमत नव्हतं! इलाचा तो पहिला मोठा पेपर. धाकटी डहाणूच्या खाडीत एवढा गाळ का साचतो? तू ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरायचीस आणि मी काठावर पिशव्या धरून उभी. मासळी घेऊन चाललेली एक मावशी ओरडली होती, “ए बाय, चिखलात काय शोधतंस? सोना गावला तं आमाला पन सांग!” तू तिथूनच ओरडलीस, “सांगीन, अर्धं तुझं!” त्या चिखलातून तू निष्कर्ष काढलास की काठची तिवरं तोडली गेली, काठ सुटला, म्हणून गाळ. पेपर गाजला. लांबलांबच्या लोकांनी त्याचा आधार घेतला. मी एकेक सायटेशन आलं की तुला फोन करायचे आणि तू म्हणायचीस, “बरं, आणि?”

मग लग्न झालं, मुलगा झाला, आणि अनघा डोंगरात जायला लागली. तलासरीच्या पूर्वेकडे, आमच्या गावांकडे, पावसात वाहणाऱ्या ओढ्यांच्या कडेने. काही वर्षांनी तू मला एक मसुदा वाचायला दिलास. मी वाचत गेले आणि ओरडलेच. त्यात लिहिलं होतं की खाडीतला बराचसा गाळ तिथला नाहीच, तो डोंगरउतारांवरून येतो. इला यांनी खाडीच्या काठापलीकडे पाहिलेले दिसत नाही, त्यामुळे त्यांचा निष्कर्ष अपुरा आहे.

“अगं, तू स्वतःलाच झोडपतेयस!” मी म्हटलं.

“मग? तिला कुणीतरी सांगायला नको? चुकली ती.”

“मग ‘माझ्या आधीच्या निबंधात’ असं लिही. ‘इला यांनी’ काय?”

“तसं लिहिलं की माणूस स्वतःला सांभाळून घेतं,” तू म्हणालीस. “‘माझ्या आधीच्या’ म्हटलं की लगेच हात आखडतो. परकी म्हणून लिहिलं की बरोबर लागतं.”

मी हसले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे सगळ्या जगाचं. तू तुझ्या बाब्याला उचलून दुसऱ्याच्या ओटीत टाकलंस आणि मग कार्टं म्हणून बदडलंस. पेपर छापून आला आणि पुढे तर कमालच झाली. कुणी इलाची बाजू घेतली, कुणी अनघाची. एका परिषदेत म्हणे एकाने सांगितलं की डहाणूच्या दोन बायकांमधे मोठं शास्त्रीय वैर आहे. तू हे ऐकून इतकी हसलीस की तुला ठसका लागला.

पण त्या पेपरात एक गोष्ट होती जिच्याबद्दल आपण कधीच बोललो नाही. कोणते उतार, हे तू लिहिलं होतंस. नागली आणि वरईची शेती असलेले उतार. म्हणजे आमचे. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, त्यांची सगळी जिंदगी त्या उतारावर गेली. मी त्यांना तुझा पेपर समजावून सांगितला, कारण त्यांनी विचारलं की तुझी मैत्रीण एवढ्या पावसात आमच्या ओढ्यावर काय करते.

“आमची माती एवढी जाय तं आम्ही खाव काय?” ते म्हणाले, आणि बैलांना पाणी पाजायला उठून गेले.

मी तुझ्याशी नमुन्यांवरून भांडले, मोजमापांवरून भांडले, उताराचे कोन चुकीचे घेतलेस म्हणून भांडले. दादांना लागलंय, हे सांगितलं नाही. ते काही शास्त्रीय म्हणणं नव्हतं. शिवाय तुझे आकडे मीच तपासले होते, आणि ते बरोबर होते. आकडे बरोबर असताना नाकाला झोंबलेल्या मिरच्यांचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही. आता कुणाला सांगू? म्हणून इथे लिहिते. दादांना लागलं होतं, इला. मलाही.

असो. मेलवर येते.

माहिती भरताना काही अडलं म्हणून मी संशोधन कक्षाला फोन केला. तिकडून एक भला माणूस बोलला, आवाजावरून तरुण असावा. त्याने स्क्रीनवर काहीतरी पाहिलं आणि एकदम खूश झाला.

“मॅडम, तुम्ही उगाच टेन्शन घेताय. तुमच्या केंद्राखाली तीन नावं दिसतायत. अनघा मॅडम दिवंगत झाल्या, ओके. मग तुम्ही आणि इला मॅडम, दोन राहिल्या ना? इला मॅडमचं काम पण चांगलं आहे. त्यांना गाइडची मान्यता नसेल तर प्रस्ताव टाका, रेकॉर्ड बघून लगेच होईल. नियमात बसतंय तुमचं. त्यांची फक्त संमती पाठवा, मी आजच पुढे करतो.”

मी फोन कानाला धरून बसून राहिले. समोर सुनंदा होती. त्या माणसाला खरोखर मदत करायची होती. आणि त्याच्या स्क्रीनवर तू जिवंत होतीस! इला नावाची, माहेरच्या आडनावाची, खाडीच्या चिखलात गुडघाभर उतरलेली, कुठल्याही हॉस्पिटलात न गेलेली. खोटं कशाला सांगू, एक क्षण माझ्या जिभेवर आलं होतं: हो, आहेत, इथेच आहेत, आत्ता जरा खाडीवर गेल्यात. केंद्र वाचणार, सुनंदाची सोय होणार, आणि तू राहणार.

“मॅडम? ऐकताय ना?”

“उद्या कळवते,” मी म्हटलं.

सुनंदाला मी सगळं सांगितलं. ती डोळे मोठे करून ऐकत राहिली.

“म्हणजे खाडीवरच्या पेपरची इला ती आपलीच मॅडम?” ती म्हणाली. “तुम्ही मॅडमला इला म्हणायच्या, मला वाटायचं माहेरचं लाडाचं नाव असंल. पेपरवर आडनाव पण वेगळं. मी तर माझ्या प्रबंधाच्या प्रकरणात लिवलंय, या दोघींचा वाद म्हणून.”

“तिने तुला सांगितलं नाही?”

“मी विचारलं होतं एकदा, इला कोण, भेटता येईल का. मॅडम म्हणाल्या, तिला आता भेटण्यात अर्थ नाय, ती फार हट्टी होती.”

आम्ही दोघी हसलो. तू गेल्यावर त्या खोलीतलं ते पहिलं हसणं. मग सुनंदा गंभीर झाली.

“पण मॅडम, त्या साहेबांना तसं नका कळवू. माझ्यासाठी नको. उद्या कुणी विचारलं इला मॅडम कुठं हायत, तर मी काय सांगू?”

तिने सांगायची गरज नव्हती, माझं ठरलंच होतं. मी सगळी हयात आकड्यांची बाजू घेतली, ती त्यात मेलेली माणसं चालवायला नाही. एक घाव दोन तुकडे करायचे ठरवले. तू जे जन्मभर करू दिलं नाहीस तेच मी करणार होते, दोघींना एक करणार होते. त्यासाठी दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचा पुरावा लागत होता. मी पालघरला प्रकाशकडे गेले.

प्रकाशने विवाहाचा दाखला काढून दिला. काही विचारलं नाही. मी निघताना मात्र दारात म्हणाला, “आईला वाईट वाटेल म्हणून तिच्यासमोर मी अनघा म्हणायचो. आई गावी गेली की इला. तिला दोन्ही चालायचं.” आणि मग, “शेवटी शेवटी हॉस्पिटलात मी कोणत्या नावाने हाक मारत होतो, ते मला आठवत नाहीये.” मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आठवत नसेल तर नसू दे, तू दोन्ही नावांना ओ देत होतीस, एवढं मी त्याला सांगितलं.

दाखला जोडून अर्ज केला. कक्षातल्या त्या भल्या माणसाला फोन करून सांगितलं की इला मॅडमही गेल्या, त्याच दिवशी, त्याच हॉस्पिटलात. तो आधी गोंधळला, मग हळूच ‘सॉरी मॅडम’ म्हणाला. फोन ठेवल्यावर मात्र माझं सगळं पुढे ढकललेलं रडणं एकदम आलं. स्मशानात मी सगळ्यांना सांभाळत होते, तेव्हा तू गेल्याचं नुसतं कळलं होतं. इथे मी स्वतः तुझं नाव पुसत होते.

खाती एक झाली. आणि मग मला कळलं की तू जिवंत असताना हे केलं असतं तरी माझी फजितीच झाली असती. दोघींच्या आकड्यांची बेरीज होईल या भरवशावर मी वर्षानुवर्षं तुझ्याशी भांडले. पण स्वतःच स्वतःला दिलेलं सायटेशन विद्यापीठ धरत नाही. अनघाने इलाला जिथे जिथे झोडपलं होतं, ते सगळं वजा झालं. बेरीज माझ्या अपेक्षेपेक्षा कमी भरली. तुझं तुझ्याशी चाललेलं भांडण, ज्याला मी तुझं सगळ्यात मोठं काम मानते, त्याची किंमत प्रणालीने शून्य केली. संख्याशास्त्राच्या बाईवर ही वेळ यावी! तू कुठे असशील तिथे लोळून हसत असशील.

पण मी ती बेरीज तशीच पाठवली. आणि खाली लिहिलं की समितीने प्रत्यक्ष यावं, बाकीचं मला तोंडी सांगायचं आहे.

समिती आली, दोघंजण, मुंबईहून गाडीने. एक बाई, शांत, सगळं टिपून घेणाऱ्या. आणि एक वयस्क सर, जे आल्यापासून घड्याळाकडे बघत होते. सर म्हणाले, काम बरं आहे पण प्रभाव मर्यादित दिसतो, आणि गाइड एकच. एका खोलीत पंखा सुद्धा नाही. मी म्हटलं, पंखा शेजारच्या खोलीत आहे आणि तो कुरकुरतो, त्यामुळे इकडे बसणं बरं. बाई हसल्या. मग मी उभी राहिले. मुद्दाम उभी राहिले, वर्गात राहते तशी.

“सर, तुम्ही प्रभाव म्हणालात,” मी म्हटलं. “या प्रभावातून एक गोष्ट वजा झालीय, ती मला सांगायचीय.” आणि मी त्यांना इला आणि अनघाचं सगळं सांगितलं. तांदळात लिहिलेलं नाव, दोन पेपर, परकी म्हणून लिहिलं की बरोबर लागतं हे तुझं म्हणणं. मी म्हटलं, “या केंद्रात झालेलं सगळ्यात मोठं काम हे आहे, आणि ते तुमच्या रकान्यात शून्य दिसतं. नियम बरोबर आहे. माझं नियमाशी भांडण नाही. स्वतःची पाठ थोपटणं मोजू नये म्हणून तो नियम केलाय. पण इथे कुणी पाठ थोपटली नव्हती.”

सरांनी घड्याळाकडे बघणं सोडलं होतं. त्यांनी चष्मा काढला.

“म्हणजे त्या दोघी एकच होत्या?” ते म्हणाले.

“हो.”

“मी त्या वादावर लिहिलंय,” ते म्हणाले. “इलाच्या बाजूने. अनघाबाईंनी घाई केली असं लिहिलं होतं.” त्यांनी चष्मा पुन्हा लावला. “बाई स्वतः तिथून निघून गेल्या, आणि मी आपला अजून त्यांची बाजू धरून बसलोय.”

यावर हसावं की नाही हे कुणालाच कळेना. शेवटी तेच हसले. मग त्यांनी सुनंदाला समोर बसवलं आणि चांगले उलटसुलट प्रश्न विचारले. ती सुरुवातीला अडखळली, पण उतारांचा विषय निघाला तशी सरळ बसून बोलायला लागली. जाताना त्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. चमत्कार झालाही नाही. एक वर्ष मिळालं. वर्षभरात दुसरा गाइड उभा करायचा, तोवर केंद्र चालू, आणि सुनंदाची नोंदणी इथेच, माझ्याकडे. मी शेजारच्या कॉलेजातल्या दोघांच्या मागे लागलेय. एकजण तयार होईल. नाही झाला तर तिसरा शोधीन. मला तू ओळखतेस.

आता शेवटचं, आणि हे तुला सांगायला मी आज खरी बसलेय.

सुनंदाचं मुख्य प्रकरण लिहून झालंय. ते माझ्या टेबलावर ठेवून ती जाईना. पदर बोटाला गुंडाळत उभी.

“काय गं?”

“मॅडम, त्यात मी अनघा मॅडमच्या विरुद्ध लिवलंय,” ती म्हणाली. “त्या असत्या तर त्यांच्या तोंडावर बोलले असते. आता बरं नाय दिसत. काढून टाकू काय?”

मी वाचलं. तिने सलग पावसाळे ओढ्यांचं पाणी तपासलंय. तिचं म्हणणं असं की जुन्या नागलीच्या उतारांवर दगडाच्या आणि गवताच्या बांधांमागे माती थांबते. खाडीकडे जाते ती जास्त करून नव्याने कापलेल्या टेकड्यांची, रस्त्यांसाठी खोदलेल्या कडांची. अनघा यांनी शेतीचे उतार आणि कापलेले उतार वेगळे धरलेले नाहीत, असं तिने लिहिलंय. सरळ, न घाबरता, नाव घेऊन. वाचताना मला दादा आठवले, बैलांना पाणी पाजायला उठून गेलेले. इतकी वर्षं मला जे हवं होतं ते कुणीतरी शेवटी कागदावर मांडलं होतं, आणि माझा पहिला विचार असा की धावत जाऊन त्यांना सांगावं.

मी गेले नाही. अजून सांगितलेलं नाही. कारण मग मी आकडे पाहायला बसले, आणि सुनंदाच्या मांडणीत दोन ठिकाणी मला शंका आल्या. बारीक आहेत, पण आहेत. तू असतीस तर त्याच दोन ठिकाणी बोट ठेवलं असतंस.

“एक अक्षर काढायचं नाही,” मी सुनंदाला म्हटलं. “सोमवारी केंद्रात मांडायचं, सगळ्यांसमोर. समितीतले सर सुद्धा येतो म्हणालेत.”

“पण मॅडमच्या बाजूनं कोण बोलणार?” तिने विचारलं. “एकतर्फी होईल ना.”

बघ, ही तुझी विद्यार्थिनी.

म्हणून मी बोलणार आहे, इला. मी, त्या उतारावर जन्मलेली, दादांची मुलगी. तुझा जो पेपर मला कधी मनापासून सोसला नाही, तो घेऊन सोमवारी मी तुझ्या जागी उभी राहणार. तुझा एकेक नमुना, एकेक ओढा, तू घेतलेला प्रत्येक कोन मी पाठ करतेय. दादांच्या शेतावर तू ठेवलेला ठपका मी शेवटच्या आकड्यापर्यंत लढवीन. सुनंदाने तो पाडून दाखवावा. पाडला, तर सगळ्यात आधी टाळी माझी असेल, आणि त्याच संध्याकाळी मी गावी जाईन.

पण फुकट पडू देणार नाही.

तुझी,
कुमुद